ब्लॅकलेटर फॉन्ट घेतलाय पण अक्षरं लागतच नाहीयेत, हा प्रकार वापरायचा तरी कुठे आणि कसा?

कातरवेळ

नमस्कार मंडळी, जरा अडकलेय. आमच्या ग्रुपचा जुन्या युरोपियन चर्चसंगीताचा कार्यक्रम आहे, वाद्यं काही नाहीत, नुसते आवाज, आणि पोस्टरचं काम माझ्याकडे आलंय. मनात पहिल्यापासून जुन्या हस्तलिखितातलं ते काळंभोर टोकदार अक्षर होतं, म्हणून एक ब्लॅकलेटर डिस्प्ले टाइपफेस रीतसर लायसन्स घेऊन विकत घेतला. नमुन्याचं पान बघताना जीवच जडला होता त्याच्यावर. कॅपिटल अक्षरांच्या पोटात बारीक दुहेरी रेघा, केसासारख्या शेपट्या, दांड्यांच्या टोकांना हिरे.

पण माझ्या पोस्टरवर टाकला आणि सगळं बिघडलं. शीर्षक आधी पूर्ण कॅपिटलमधे केलं, तर ज्याला दाखवलं त्याने विचारलं की हे काय लिहिलंय. मग स्मॉलमधे केलं, तर त्यात लुमेन असा एक लॅटिन शब्द आहे, तो म्हणजे नुसते उभे दांडेच दांडे. वाटलं अक्षरं फार चिकटलीयेत म्हणून ट्रॅकिंग वाढवलं तर शब्द म्हणून जे काही दिसत होतं तेही गेलं, सुट्या काड्या मांडल्यासारखं दिसायला लागलं. तारीख, वेळ, गायकांची नावं हेही त्याच फॉन्टमधे खाली लहान अक्षरात आहे आणि तिथे तर काळे डागच पडलेत. शीर्षकाखाली एक जर्मन ओळ आहे, ती कशी करायची तेही कळत नाहीये.

त्यात आमच्यातल्या एकीने सांगितलं की हा हिटलरच्या काळातला फॉन्ट आहे, लावूच नकोस. हे खरं आहे का? खरं असेल तर मी आत्ताच बदलते. पण नसेल तर मला हे अक्षर सोडवत नाहीये, काहीतरी मार्ग सांगा.

बोरू_आणि_शाई

कातरवेळ, फॉन्टचा दोष नाहीये गं, तू त्याला रोमन, म्हणजे रोजच्या साध्या छापील अक्षरासारखं वापरतेयस आणि त्याचा जन्मच वेगळा आहे. मी बरीच वर्षं हे वळण हाताने लिहितोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, एकदा कागदावर कसं पडतं ते कळलं की स्क्रीनवरचे निम्मे प्रश्न सुटतात.

कटनिब, म्हणजे टोकाला सपाट कापलेली निब, ओळीशी साधारण ४५ अंशात धरायची आणि कोन न बदलता सरळ खाली ओढायची, थांबायचं, पेन उचलायचं, पुन्हा शेजारी ओढायची. गोलाई जवळजवळ उरतच नाही, ओ सुद्धा सहा बाजूंचा होतो. तुला दांड्याच्या वर आणि खाली जे हिरे दिसतात ती मागाहून चिकटवलेली नक्षी नाही, निब टेकवून तिरकी किंचित सरकवली की तो आकार पडतो. साधारण १२व्या शतकापासून उत्तर युरोपात हे वळण पसरलं. त्याआधीचं कॅरोलिंगियन वळण चांगलं मोकळं आणि गोल होतं, पण विद्यापीठं वाढली, पुस्तकांची मागणी वाढली, चर्मपत्र महाग, मग अक्षरं अंग चोरून एकमेकांना खेटून बसायला लागली.

यातल्या सगळ्यात टोकदार आणि औपचारिक वळणाला टेक्स्टुरा म्हणतात, लॅटिनमधे त्याचा अर्थ वीण. तुझ्या सगळ्या अडचणीची किल्ली या एका शब्दात आहे. काळा दांडा जेवढा जाड, जवळपास तेवढाच अक्षराच्या पोटातला पांढरा पट्टा आणि जवळपास तेवढाच दोन अक्षरांच्या मधलाही. काळं-पांढरं-काळं-पांढरं, एकसारखं. पान लांबून बघितलं तर विणलेल्या कापडासारखं दिसतं. तू ट्रॅकिंग वाढवलंस तिथे ती वीण उसवली, म्हणून काड्या दिसल्या. उलट करून बघ, ट्रॅकिंग शून्यावर आण, मोठ्या आकारात एखादा अंश कमी सुद्धा चालेल, आणि दोन शब्दांमधली जागाही कमी कर. रोमनला लागते तेवढी जागा इथे मधे सोडली की ओळीला भोक पडल्यासारखं दिसतं.

आता लुमेन. यू चे दोन दांडे, लगेच एमचे तीन, मग ई, मग एनचे दोन. सलग पाच दांडे आले की डोळा अडकणारच, आणि हे काही आजच्या लोकांचंच दुखणं नाही. आयच्या डोक्यावर आज जे टिंब आहे ते अशाच दांड्यांच्या गर्दीत आय ओळखू यावा म्हणून लेखनिक वर जी बारीक रेघ मारायचे तिच्यातून आलंय. तू मोठं करून नीट बघ, यू वरून उघडा असतो आणि खालून जोडलेला, एन वरून जोडलेला आणि खालून उघडा. त्या जोडणाऱ्या केसासारख्या रेघा दिसल्या पाहिजेत, त्या बुजल्या की सगळं संपलं. म्हणजे शीर्षक मोठं ठेव, एवढाच त्यावर उपाय आहे. आणि फॉन्टच्या ग्लिफ्स पॅनलमधे एकदा जा, चांगल्या ब्लॅकलेटरमधे एकेका अक्षराची दोन-तीन रूपं दिलेली असतात, त्यातलं जास्त ओळखू येणारं निवड.

आणि ऑल कॅप्स कधीच नाही. यातलं कॅपिटल हे एकट्याने मिरवायचं अक्षर आहे, रुंद, वळसे घेतलेलं, आत रेघा भरलेलं, आणि त्याच्यामागे अरुंद काळ्या स्मॉल अक्षरांची रांग. त्या दोघांच्या फरकातच सगळं सौंदर्य आहे. अशी आठ कॅपिटल शेजारी शेजारी उभी केली की प्रत्येक जण बाहेर हात पसरतो आणि कुणालाच जागा मिळत नाही. शिवाय ए यू सारखा दिसतो, सी, ई आणि जी भावंडं वाटतात, वाचणाऱ्याला आधारच उरत नाही.

खिळेजुळारी

बोरू यांनी छान सांगितलंय, मी छपाईच्या बाजूने भर घालतो. मी हाताने खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवायला शिकलो त्या पिढीतला.

डिस्प्ले टाइपफेस म्हणजे मोठ्या आकारात बघायला काढलेला, हे आधी डोक्यात पक्कं करा. तुमच्या कॅपिटलमधल्या दुहेरी रेघा पोस्टरच्या शीर्षकात दागिन्यासारख्या दिसतील, त्याच रेघा लहान आकारात कागदावर शाई थोडी पसरली की एकमेकींना मिळतात आणि डाग पडतो. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं काढलीत तर त्याहून वाईट, कारण आजूबाजूची शाई आत सरकते आणि बारीक रेघ गिळून टाकते. जाड खरखरीत कागद असेल तर अजून जपा. तारीख, वेळ, नावं हे सगळं साध्या रोमनमधे घ्या, जुन्या वळणाचा एखादा शांत सेरिफ (अक्षरांच्या टोकांना बारीक पट्ट्या असलेला) फॉन्ट. ब्लॅकलेटरला पानावर शेजारी शांत माणूस लागतो.

रोमन आणि ब्लॅकलेटर एकत्र घेणं काही नवीन नाही. १६११ साली इंग्लंडमधे किंग जेम्स बायबल छापलं तेव्हा मुख्य मजकूर ब्लॅकलेटरमधे होता, आणि मूळ भाषेत नसलेले पण इंग्रजी वाक्य पुरं करायला घातलेले शब्द रोमनमधे, म्हणजे तेव्हा रोमन हे बाजूला बसणारं बारीक अक्षर होतं. आज आपण बरोबर उलटं करतो.

अजून एक सांगतो. गुटेनबर्गच्या बायबलची अक्षरं, साल १४५५च्या आसपास, टेक्स्टुराच आहेत, आणि त्याने त्यासाठी २९० च्या आसपास वेगवेगळे खिळे पाडले होते. मूळ वर्णमालेला त्यातले थोडेच लागतात, बाकी सगळी जोडाक्षरं, शब्दसंक्षेप, एकाच अक्षराची अरुंद आणि रुंद रूपं. कशासाठी, तर ओळीची उजवी कड सरळ यावी आणि मधे कुठे पांढरी भोकं पडू नयेत म्हणून. ज्याला वीण म्हटलंय ती राखायला त्या माणसाने धातूत एवढे कष्ट उपसले. आज फॉन्टमधे लिगेचर, म्हणजे अशी जोडून काढलेली अक्षरं, चालू करायला एक टिक लागते आणि लोक ती बंद ठेवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शोधताना नावांमधे गोंधळू नका. फॉन्टच्या यादीत गॉथिक शोधलंत तर निम्मे बिनपट्टीचे सरळसोट सॅन्स सेरिफ येतील, कारण अमेरिकेत त्यांना गॉथिक म्हणायची जुनी पद्धत आहे. ओल्ड इंग्लिश हे नाव इंग्रजी धाटणीच्या टेक्स्टुराला पडलंय पण जुन्या इंग्रजी भाषेशी त्याचा संबंध नाही, ती लिहिली जायची वेगळ्या, गोलसर वळणात. फ्राक्टुर हे जर्मन, १६व्या शतकाच्या सुरुवातीचं, सम्राट माक्सिमिलियनच्या १५१३च्या प्रार्थनापुस्तकापासून नावारूपाला आलं, त्यात दांडे तुटक आणि कॅपिटलला सोंडेसारखे वळसे. श्वाबाखर त्याआधीचं, जास्त गोल आणि रांगडं. रोटुंडा इटलीकडचं, मोकळं. तुमच्या वर्णनावरून तुमचा टेक्स्टुरा घराण्यातला वाटतोय, चर्चसंगीताला तोच शोभतो.

माझा स्वतःचा एक फसलेला अनुभव पण लिहून ठेवतो. एका संस्थेची प्रमाणपत्रं होती, त्यांचा आग्रह होता की संस्थेचं नाव, शीर्षक आणि घेणाऱ्याचं नाव सगळं ओल्ड इंग्लिशमधे आणि पूर्ण कॅपिटल. मी समजावलं, ऐकलं नाही, छापून दिलं. समारंभात नावं वाचणाऱ्याला अर्धी नावं वाचता येईनात. माणसाला त्याचं नाव त्याच्याच प्रमाणपत्रावर सापडू नये हे मला फार लागलं. नंतर पुन्हा छापली, शीर्षक तेवढं ब्लॅकलेटर आणि नावं रोमनमधे.

दुभाष्या

हिटलरच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, माझं काम जर्मन कागदपत्रांच्या भाषांतराचं आहे आणि फ्राक्टुर रोज डोळ्यांखालून जातं.

हिटलरच्या काळातला फॉन्ट हे चूक आहे. हे अक्षर त्याच्या कितीतरी शतकं आधीचं, धर्मसुधारक ल्यूथरने केलेलं बायबलच्या नव्या कराराचं भाषांतर १५२२ साली श्वाबाखरमधे छापलं गेलं. जर्मनीत फ्राक्टुर ठेवायचं की रोमन घ्यायचं हा वाद खूप जुना, १९११ साली तो थेट राइशटागमधे, म्हणजे जर्मन संसदेत गेला आणि बदलाचा प्रस्ताव ८५ विरुद्ध ८२ असा थोडक्यात पडला. नाझींनी सुरुवातीला हे अक्षर आमचं राष्ट्रीय अक्षर म्हणून मिरवलं, हेही खरंच. पण ३ जानेवारी १९४१ला नाझी पक्षातला बडा अधिकारी बोरमान याच्या सहीचं परिपत्रक निघालं, त्यात या अक्षरांना श्वाबाखर ज्यू-अक्षरं ठरवून त्यांचा वापर थांबवायला सांगितलं. तो दावा धादांत खोटा होता. म्हणजे ज्यांचा शिक्का यावर बसलाय त्यांनीच ते बंद केलं.

आता जर्मन ओळीबद्दल. ब्लॅकलेटरमधे जर्मन लिहायचं तर दोन प्रकारचे एस लागतात, लांब आणि गोल. शब्दाच्या किंवा सामासिक शब्दातल्या पदाच्या शेवटी गोल, बाकी बहुतेक ठिकाणी लांब. हे नुसतं शोभेचं नाही, अर्थ बदलतो. एकाच स्पेलिंगचा शब्द लांब एसने लिहिला तर वाख-श्टूबं, पहारेकऱ्यांची खोली, आणि गोल एसने लिहिला तर वाक्स-टूबं, मेणाची ट्यूब. लांब एस एफसारखा दिसतो, फक्त मधली आडवी रेघ उजवीकडे जात नाही, त्यामुळे लोक चुकून एफ टाकतात आणि जर्मन वाचणाऱ्याच्या दाताखाली खडा येतो. सी-एच, सी-के, टी-झेड या जोड्यांचे लिगेचर पण चालू ठेवा.

ट्रॅकिंगबद्दल बोरू यांना दुजोरा. फ्राक्टुरला इटॅलिक नसतं, त्यामुळे जर्मन छपाईत एखाद्या शब्दावर भर द्यायचा तर त्याची अक्षरं फाकवत, आणि तेव्हा सुद्धा सी-एच, सी-के या जोड्या तशाच चिकटलेल्या ठेवत. तुम्ही अख्खं शीर्षक फाकवलंत तर जुनी पुस्तकं वाचलेल्याला ते ओरडल्यासारखं वाटेल.

निळी_सावली

दुभाष्या, इतिहास पटला, पण पोस्टरसोबत इतिहासाचा कागद कुणी जोडत नाही. बघणाऱ्याला दोन सेकंदात काय वाटलं तेवढंच उरतं, आणि ते कुठलं ब्लॅकलेटर यावर फार ठरतं. मी लोगो आणि लेबलांचं काम करते, माझ्या मते या सगळ्यांना एका नावाखाली घालणं हीच चूक होते.

१९३०च्या दशकात जर्मनीत सगळी नजाकत छाटून टाकलेले, जाडजूड, सरळसोट दांड्यांचे ब्लॅकलेटर निघाले, टानेनबर्ग वगैरे, त्यांना नंतर हिणवून लष्करी बुटांची ग्रोटेस्क (ग्रोटेस्क म्हणजे सॅन्स सेरिफ) म्हणायला लागले. ते बघितले की मलाही बूटच दिसतात आणि मी ते कुठल्याही कामाला घेणार नाही, कितीही सोयीचे असले तरी. याउलट फ्रेडरिक गाउडीचा १९२८चा गाउडी टेक्स्ट बघ, अगदी हस्तलिखिताच्या पानातून उतरलेला, त्याच्याबरोबर वापरायला गोल पोटाची लोम्बार्डिक कॅपिटल पण मिळतात. रुडॉल्फ कोखचा विल्हेल्म क्लिंग्सपोर म्हणजे टेक्स्टुराचा दागिना, कॅपिटलच्या केसरेघा श्वास रोखून काढल्यासारख्या. योहान ख्रिस्टियन बाउअरचा १८५०चा फेट्टं फ्राक्टुर हा पोट सुटलेला, आनंदी, जाहिरातीतला माणूस, बिअरच्या लेबलावर तो खुलतो पण तुझ्या कार्यक्रमाला नको.

वापर कुठे म्हणशील तर वर्तमानपत्रांची शीर्षनावं हा सगळ्यात भक्कम. न्यूयॉर्क टाइम्सने १९६७ साली नावापुढचा पूर्णविराम काढला पण अक्षर ठेवलं. फ्रांकफुर्टर आल्गेमाइनं या जर्मन दैनिकाने तर अग्रलेखांचे मथळे २००७ पर्यंत फ्राक्टुरमधे दिले. अमेरिकेच्या राज्यघटनेचे पहिले तीन शब्द, १७८७, याच धाटणीत मोठे काढलेत आणि बाकी मजकूर साध्या वळणात. मेटल बँड, टॅटू, लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांमधली भिंतीवरची अक्षरं, हे सगळे त्याच काळेपणातून आपापला अर्थ काढतात. धर्म, कायदा, बंडखोरी, परंपरा, इतकं सगळं एकाच अक्षरातून निघतं म्हणूनच शेजारी काय ठेवतेस ते जप. लाल-काळा-पांढरा असे तीनच रंग आणि मधे जाड ब्लॅकलेटर असं काहीही करू नकोस. बाकी बिनधास्त.

समीकरण

एक छोटी गोष्ट, पोस्टर सोशल मीडियावर टाकणार असशील म्हणून. काही साइटवर साधा मजकूर टाकला की तो ब्लॅकलेटरसारखा करून कॉपी करायला देतात. ती अक्षरं फॉन्ट नाहीत, युनिकोडमधली गणिताची चिन्हं आहेत. गणितात ली आल्जिब्रा, आयडियल अशा काही खास रचनांना फ्राक्टुर अक्षरं वापरायचा रिवाज आहे, आम्ही फळ्यावर ती काढायला झगडतो, त्यासाठी ती वेगळी दिलीत. पोस्टच्या मजकुरात ती घातली तर स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला शब्द नीट ऐकू येत नाही, एकेक चिन्हाचं नाव येतं नाहीतर काहीच येत नाही, आणि सर्चमधेही अडचण होते. चित्रात फॉन्ट वापर, मजकूर साधाच टाइप कर.

कातरवेळ

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, रात्री बसून सगळं पुन्हा केलं. ट्रॅकिंग शून्य, पहिलं अक्षर फक्त कॅपिटल, शीर्षक पहिल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट मोठं, लिगेचर चालू. लुमेन आता वाचता येतोय, एनचं एक वेगळं रूप ग्लिफ्समधे सापडलं, त्याचा दुसरा दांडा ओळीखाली जरा उतरतो, त्याने शब्दाचा शेवट कळतो. खालची माहिती सगळी रोमनमधे. घरात दोघांना दाखवलं, दोघांनी न अडखळता वाचलं. जर्मन ओळीतले एस दुभाष्या यांनी सांगितल्याप्रमाणे एकेक तपासून बदलले, चार लांब आणि दोन गोल झाले.

आता एकच राहिलंय. वरच्या बाजूला एक मराठी ओळ पण हवी आहे आणि देवनागरी याच्याशेजारी फार हलकी, वेगळ्याच घरातून आल्यासारखी दिसतेय. देवनागरीला पण तशी हिऱ्याची टोकं द्यावीत का? तसे काही फॉन्ट दिसले.

बोरू_आणि_शाई

नको, अजिबात नको. देवनागरीला स्वतःची निब आहे, बोरूचा काप लॅटिनच्या कटनिबेच्या उलट बाजूला असतो आणि त्यामुळे जाड-बारीक उलट्या तिरक्यावर पडतं. तिला ४५ अंशातले हिरे चिकटवले की ग, म, न मधे गाठी आल्यासारखं होतं आणि वाचणाऱ्याला टोचतं. शिवाय ब्लॅकलेटरची ओळ उभ्या दांड्यांवर उभी आहे आणि आपली शिरोरेषेला टांगलेली आहे, दोघींना एकसारखं करायला गेलं तर दोघी बिघडतात.

नातं जोडायचं ते काळेपणातून जोड. बोरूच्या वळणाची, ठसठशीत जाड-बारीक असलेली देवनागरी घे, आकार असा लाव की तिच्या काना-दांड्याची जाडी ब्लॅकलेटरच्या दांड्याच्या जवळपास येईल, आणि पोस्टर भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन डोळे बारीक करून बघ. दोन्ही ओळींचा करडेपणा एकसारखा दिसला की झालं. आणि दोघींच्या मधे अंतर भरपूर सोड, शिरोरेषा आणि ब्लॅकलेटरच्या वरच्या टोकांची टक्कर व्हायला नको.

एनचं ते रूप घेतलंस ते फार बरं केलंस. हस्तलिखितांतही शब्दाच्या शेवटच्या अक्षराला अशी मोकळीक दिलेली दिसते.

खिळेजुळारी

छापायला द्यायच्या आधी एक काम करा. शीर्षकाचा तुकडा पूर्ण मापात, ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर एक प्रत काढून घ्या आणि यू आणि एनच्या जोडरेघा बोटाएवढ्या अंतरावरून बघा. तुटल्या किंवा भरल्या असतील तर छापखान्याला सांगून शाई कमी-जास्त करता येते, नाहीच जमलं तर गुळगुळीत कागद घ्या.

कातरवेळ

काका, उद्याच काढते एक प्रत. कागद खरखरीतच ठरवला होता आम्ही, आता दोन्हीवर काढून बघते आणि फोटो इथे टाकते.